निरोपाला चंदेरी कोट

"पन्नाशीच्या वरचा असा एक माणूस दाखव या देशात, ज्याला माझं गाणं येत नाही!" रेनियर कोल्कमान दर रविवारी बायकोला बजावायचा.

"मलाही येतं," याकोमीन वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायची. "विसरायचा प्रयत्न चालू आहे."

गाणं होतं 'सोमवारी ये ना!' एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचं. त्या काळी गिटार हातात घेतली की पोरं इंग्रजीत गळा काढायची. काम्पन गावच्या बेकरीवाल्याचा हा मुलगा मात्र डचमध्ये गाणी लिहायचा. रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाने कपाळाला हात लावला होता. "अरे, या भाषेत लोक चीज विकतात! प्रेम कसलं करतोस?" रेनियर म्हणाला, "माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिला कळायला नको?" आईला गाणं कळलं, पटलं मात्र नाही. बाकी देशाला पटलं. सात आठवडे रेडिओवर दुसरं काही वाजेना. शाळांच्या व्यायामशाळा, फुटबॉल क्लबांची कँटीन, बर्फावरच्या स्केटिंगची मैदानं, सगळीकडे हा चंदेरी टिकल्यांचा कोट घालून गायला. पुढचं गाणं मात्र चाललं नाही. त्याच्या पुढचं तर निघालंच नाही. मग तीस वर्षं संगीतशाळेत पोरांना गिटार शिकवली. आता एकाहत्तरी गाठली होती आणि शेवटचा कार्यक्रम होऊन अकरा वर्षं झाली होती.

त्यामुळे मंगळवारी फोन वाजला, तेव्हा त्याने तो पहिल्याच घंटेला उचलला.

"मी इल्से स्लोट. बेरेंड स्लोटची मुलगी. बाबांनी आयसल नदीवर एक्केचाळीस वर्षं फेरीबोट चालवली. शुक्रवारी सकाळी त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम आहे. तुमची तबकडी त्यांची फार लाडकी. तुम्ही गायलात तर..."

"एक्केचाळीस वर्षं! वा! अभिनंदन सांगा त्यांना!"

"...बरं," ती अडखळत म्हणाली.

"ते स्वतः समोर असतील ना?"

"असतील. मधोमध. सगळ्यांच्या समोर."

"मग बघाच तुम्ही! त्यांना उठून नाचायला लावतो की नाही!"

ती हळूच म्हणाली, "बाबा म्हणायचेच, तुम्ही जरा वेगळे आहात."

रेनियरने फोन ठेवला आणि थेट माळा गाठला. कोट निघाला. पोटावरचं बटण लागेना, तेव्हा याकोमीनने गुडघा टेकवून, श्वास रोखून ते लावलं. लावताना तिने विचारलंही, "फेरीवाल्याच्या निवृत्तीला हे असलं?"

"माणूस एक्केचाळीस वर्षं एकाच नदीत इकडून तिकडे करत होता! त्याला काहीतरी चमकतं बघू दे!"

शुक्रवारी तिनेच गाडी चालवली. बांधाजवळच्या सभागृहापाशी तिने त्याला उतरवलं आणि ती गाडी लावायला जागा शोधू लागली. दारात सगळी माणसं काळ्या कपड्यांत. रेनियरला त्याचं काही वाटलं नाही. हा भागच कडक चर्चवाल्यांचा. इथे लग्नालाही लोक काळं घालतात. त्यांच्यामधून तो उन्हात चमकत गेला, माशांच्या काळ्या टोपलीत चुकून ठेवलेल्या चमच्यासारखा! लोक बाजूला सरकून वाट देऊ लागले. त्याला वाटलं, ओळखलं आपल्याला!

दाराशी एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. बेरेंडची बायको, विलमीन. तिने ओळख सांगताच रेनियरने तिचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला.

"विलमीनबाई, आता तुमची खरी परीक्षा! हा माणूस चोवीस तास घरात!"

बाई गोंधळली. "घरात नाही हो. त्याच्यासाठी जागा घेतलीय. पलीकडच्या काठावर. मोठ्या झाडाखाली आहे, तिथून नदी दिसते."

"अरे वा! आणि शेजार कसा आहे?"

"शांत," बाई म्हणाली.

"सोन्याहून पिवळं! मग तुम्ही कधी जाताय राहायला?"

विलमीनने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "जाईन मीही," ती म्हणाली. "पण एवढ्यात नाही."

रेनियर अजून दहा मिनिटं बोलला असता. पण आत बोलावणं आलं. सभागृह गच्च भरलेलं. तो गिटार घेऊन ताडताड पुढे गेला, माइकवर बोटाने टकटक केलं आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "बेरेंड कुठे लपलाय? उठ बाबा! तुझ्यासाठी आलोय!"

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या हातातला रुमाल खाली पडला. मागच्या दारातून याकोमीन नुकतीच आत आली होती. ती दोन्ही हातांनी विमान उतरवणाऱ्या माणसासारख्या खुणा करू लागली. रेनियरने तिच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. त्याच्यापासून दोन हातांवर फुलांनी झाकलेली लाकडी पेटी होती. तिच्यावर फेरीवाल्याची निळी टोपी.

गेल्या तीन दिवसांत जे जे बोललो ते सगळं उलट्या क्रमाने त्याच्या कानात वाजू लागलं. उठ बाबा. शेजार कसा आहे. नाचायला लावतो. अभिनंदन!

त्याने कोट काढायला घेतला. पोटावरचं बटण सुटेना! त्याने हिसका दिला तसं बटण उडालं आणि टण्णकन जाऊन पेटीवर आपटलं.

आणि मग विलमीन हसली. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "बेरेंडने आत दात काढले असतील!" ती म्हणाली. "गा हो आता. कोट राहू दे अंगात."

रेनियरने 'सोमवारी ये ना!'ची पहिली तार छेडली.

"ते नाही," इल्से पुढच्या रांगेतून कुजबुजली. "मागच्या बाजूचं."

मागच्या बाजूचं! 'थांब ना पाण्यावर'. तबकडीची दुसरी बाजू रिकामी राहू नये म्हणून स्टुडिओच्या कँटीनमध्ये, सूप थंड होईस्तोवर त्याने लिहिलेलं. आयुष्यात ते कुणी मागितलं नव्हतं. सूर आठवत होते. शब्द? एकही नाही!

"मला... मला शब्द येत नाहीत," तो माइकमध्ये म्हणाला. आवाज एखाद्या शाळकरी पोरासारखा आला.

तेव्हा रुमालवाल्या म्हाताऱ्याने घसा खाकरला आणि बसल्या जागेवरून सुरू केलं:

*थांब ना रे पाण्यावर, घाई कुणाला आहे,*
*काठ तिथेच राहतो, पाणी तेवढं वाहे...*

दुसऱ्या ओळीला चौथी रांग आली, तिसऱ्या ओळीला सगळं सभागृह. एक्केचाळीस वर्षं बेरेंड हे गाणं बोटीवर म्हणत आला होता. दूधवाले, शाळेची पोरं, सायकलवरच्या बायका, सगळ्यांना त्याने ते नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पाठ करून दिलं होतं. रेनियर नुसता गिटार वाजवत राहिला. पंचवीस वर्षांचा होता तो तेव्हा, त्या कँटीनमध्ये. सूप वाटाण्याचं होतं. खिडकीतून पाऊस दिसत होता आणि आई अजून बेकरीत उभी होती. आपण कधीतरी इतकं चांगलं लिहिलं होतं, हे त्याला आज कळत होतं. तेही दुसऱ्यांच्या तोंडून. त्याच्या गालावरून ओघळ आले, ते त्याने पुसले नाहीत.

नंतर कॉफी आली, लोण्याच्या केकचे काप आले. रेनियर विलमीनच्या शेजारी जाऊन बसला.

"फार दर्दी माणूस हो तुमचा," तो म्हणाला. "सगळ्या देशाने पुढची बाजू ऐकली. मागच्या बाजूला काय आहे, ते एकट्या बेरेंडला कळलं!"

"कळलं कसलं!" विलमीन म्हणाली. "तबकडी घरी आणली त्याच दिवशी या इल्सेने पुढच्या बाजूवर खिळ्याने घोडा कोरला. मग काय, जी बाजू वाजते ती ऐकायची. ऐकून ऐकून झाली सवय."

रेनियरने केकचा मोठा घास तोंडात कोंबला. तो सावकाश गिळून झाल्यावर त्याने विचारलं,

"घोडा तरी बरा आला होता का?"

"कुठला!" ती म्हणाली. "कुत्रा दिसत होता."