डेग उपाशी आली

झिंगरू भांड्यांशी बोलायचा. माणसांशी भांडायचा. लग्नघरून बैलगाडी परत आली की आधी मोठी डेग उतरवून घ्यायचा, बोटाच्या पेराने टणटण वाजवायचा, कान लावायचा आणि विचारायचा, "जेवली का वो माय?" मग झाकण उघडायचा. आत तांदूळ, डाळ, निदान चार लाडू असले तर गाडीवाल्याला तंबाखू मिळायचा. आत काही नसलं तर त्याची धडगत नव्हती.

"डेग उपाशी आली," असं तो रस्त्याने जाणाऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचा. "शेजारणीची वाटी तरी रिकामी देते का रे कोणी? आणि ही तर तुमच्या दोनशे पाव्हण्याले जेवू घालून आली."

आरमोरीच्या अलीकडे आमचा धर्मादाय दवाखाना होता. मी तिथे आया. चौथी झालेली असल्यामुळे बाटल्यांवरची नावं मला वाचता यायची आणि त्यामुळे डॉक्टरसाहेब मला कधीकधी नर्स समजायचे, पगार सोडून. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा एका मालगुजाराच्या विधवेने घरची लग्नकार्याची सगळी भांडी दवाखान्याला दान दिली. डेगा, गंज म्हणजे उभी पातेली, पराती, झारे, माणूस झोपेल एवढ्या कढया. आता दवाखान्याने कढया घेऊन काय करावं? डॉक्टरांनी त्या लग्नांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्या भाड्यावर आणि डेगीतून येणाऱ्या तांदळावर दवाखान्याची पेज शिजायची. रोग्यांनाही तीच आणि त्यांच्याबरोबर गाडीतून आलेल्या नातलगांनाही तीच. भांडी ज्या छपरीत ठेवायचो, तिची देखरेख झिंगरूकडे होती. तो स्वतःला मॅनेजर म्हणवायचा. दुसरं कोणी म्हणत नव्हतं म्हणून त्यालाच म्हणावं लागायचं.

भांडी जिकडे जातील तिकडे हा गाडीत बसून जायचा. तोंडाला दुपट्टा गुंडाळून चुलीच्या मागे बसायचा आणि आचाऱ्याला छळायचा. "झारा घासू नको, कल्हई निघते. तुह्या बापानं केली का कल्हई?" जेवायला उठवलं तर उठायचा नाही. "मॅनेजर जेवत नसते," म्हणायचा. दुपट्टा सोडल्याशिवाय जेवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटायचं, माणूस मोठा ताठ आहे.

दुपट्ट्याखाली डावा गाल नव्हता. मोहफुलं वेचायला पहाटे रानात गेला असताना अस्वलाने धरलं होतं. कुरखेड्याकडून गाडीत घालून त्याला आणलं तेव्हा मीच रक्त पुसलं होतं. जगेल असं वाटलं नव्हतं, पण जगला. पट्टी निघाली त्या दिवशी बायको पोरीला घेऊन भेटायला आली. पोर चार वर्षांची, पारबता नाव. तिने बापाकडे पाहिलं आणि जी किंचाळली, ती थांबेना. आईच्या लुगड्यात तोंड खुपसून थरथरत राहिली. मग त्या दोघी गेल्या, त्या पोरीच्या मामाच्या गावीच राहिल्या. झिंगरू बरा झाला, पण उठून गेला नाही. आधी आवारात झाडू मारायचा, मग भांडी आली आणि हा मॅनेजर झाला. कोणी नवखा त्याला "कोणता रोग हाय जी तुमाले?" असं विचारी, तर अंगावर जायचा. "मी पेशंट दिसतो का? मॅनेजर हावो इथचा."

असं सगळं बरं चाललेलं असताना नागपूरहून कळलं, इन्कमटॅक्सचा साहेब तपासणीला येणार. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बोलावून समजावलं. दवाखाना धर्मादाय आहे, त्याला करातून सूट आहे. पण भांडी भाड्याने देणं हा धंदा. साहेबाने तसं ठरवलं तर त्यावर कर बसणार आणि पुढे दवाखान्याच्या सवलतीलाही खोडा येईल.

"तसं झालं तर भांडी विकून टाकू," डॉक्टर म्हणाले. "मला दवाखाना चालवायचा आहे, मंडप नाही."

झिंगरू उठून छपरीकडे गेला. साहेब यायच्या दिवशी सकाळी मी वार्डात गेले तर प्रत्येक खाटेखाली गंज. औषधांच्या कपाटावर पराती. कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर कोणीतरी लठ्ठ माणूस डोक्यापर्यंत कांबळं ओढून झोपलेला. आणि छपरी स्वच्छ झाडलेली, आत एक शेळी बांधलेली.

"हे काय करून राह्यला रे बाबा?" मी विचारलं.

"दवाखान्यातल्या सामानावर कर नाई म्हणते ना डॉक्टर? मंग दवाखान्यात आणलं. आता काय म्हणन साहेब?"

साहेब उंच, घामेजलेला, बसने आलेला. खाटांमधून चालताना त्याचा पाय एका गंजाला लागला. तो गंज पुढच्या गंजावर आदळला आणि वार्डभर देवळासारखा घंटानाद झाला. डॉक्टरांनी डोळे मिटले. साहेब कोपऱ्यातल्या खाटेशी थांबला.

"या पेशंटला काय झालंय?"

"पोट रिकामं हाय साहेब," झिंगरू म्हणाला.

साहेबाने कांबळं उचललं. डेग. मला वाटलं संपलं. पण साहेब हसला नाही आणि ओरडलाही नाही. त्याने एक स्टूल ओढलं, त्यावर बसला आणि पाणी मागितलं. मग म्हणाला, "डॉक्टर, कायद्यात एक वाट आहे. धर्मादाय संस्थेने धंदा चालवला, पण त्यातलं काम जर संस्थेच्या आसऱ्याला असलेल्यांनीच केलं, तर त्या उत्पन्नावर कर नाही. या भांड्यांचं काम कोण करतं?"

"हा करतो. एकटाच."

साहेब झिंगरूकडे वळला. "तुम्ही इथले नोकर, की पेशंट?"

वार्डातले सगळे रोगी उठून बसले होते. वर्षानुवर्षं ज्यांच्यापुढे हा मॅनेजर म्हणून मिरवला होता, तेच सगळे. नोकर म्हटलं असतं तर भांडी गेली असती. झिंगरू डेगीकडे पाहत राहिला. मग त्याने दुपट्टा सोडला. इतक्या वर्षांत चारचौघांत मी तो कधी सुटलेला पाहिला नव्हता.

"पेशंट हावो साहेब."

साहेबाने नजर वळवली नाही, हे त्याचं मला बरं वाटलं. "पण जखम तर भरलेली दिसते. घरी का गेला नाहीत?"

"पोर भेते मले," झिंगरू म्हणाला. "लहान हाय."

पोर तेव्हा लहान राहिली नव्हती, चांगली लग्नाची झाली होती.

साहेबाने ते लिहून घेतलं. दुपारी आमच्यातच बसून पेज प्याला आणि बसने गेला. पुढे नागपूरहून कळलं, भांड्यांवर कर नाही. डॉक्टरांनी त्या दिवसापासून झिंगरूला मॅनेजर म्हणायला सुरुवात केली, पण आता तोच ओ देईना.

त्याच उन्हाळ्यात कुरखेड्याकडून एक गाडीवाला भांडी न्यायला आला. लग्न झिंगरूच्या मेहुण्याच्या घरचं निघालं. मुलीचं नाव पारबता. झिंगरूने विचारपूस केली नाही. त्याने दोन दिवस चिंच आणि राख घेऊन डेगा घासल्या, इतक्या की उन्हात बघवेना. गाडी भरली. हा मात्र खालीच उभा.

"बसत काऊन नाई?" मी म्हटलं. "दरवेळी तर जातेस. तिथी कोण ओळखते तुले?"

"तेच तं बाई. नाई ओळखलं तं बरं. आन् ओळखून लग्नात भेली तं?"

गाडी एकटीच गेली. चौथ्या दिवशी परत आली. गाडीवाल्याच्या कानावर याची ख्याती गेली असावी, कारण तो आधीच दूर जाऊन उभा राहिला. झिंगरूने डेग उतरवली. वाजवली. कान लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून ठेवला. झाकण उघडलं.

मी मागून पाहिलं. धुतलेली, कोरडी, रिकामी.

"गडबडीत राह्यलं जी मॅनेजर," गाडीवाला म्हणाला. "पाव्हणे लय झाले."

"काय राह्यलं?" झिंगरूने झाकण लावलं. "भरून तं आली." त्याने गाडीवाल्याला तंबाखू दिला.

मग खोलीत जाऊन स्वतःच्या मडक्यातले तांदूळ दुपट्ट्यात घेऊन आला आणि पेजेच्या गंजात ओतले.

"झिंगरू, मी पाह्यलं," मी म्हटलं. "डेग रिकामी होती."

"माह्या पोरीच्या लग्नाची डेग हाय बाई. उपाशी कशी यील?"

त्या दिवशी तो रोग्यांच्या रांगेत बसला, दुपट्टा खांद्यावर टाकून. मी त्याला वाटीभर पेज दिली. त्याने ती सगळी प्यायली आणि वाटी मला रिकामीच परत दिली.