मंगळवारी भरलेली उसण

त्या रविवारी मी एका यंत्राशी खरं बोललो. माझं चुकलं ते एवढंच.

झालं असं, की गाद्यांच्या स्प्रिंगा बनवणारा आमचा कारखाना नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या तोंडावर, बंद पडला आणि मी, आर्मंड पेल्तिए, पंचावन्नी उलटल्यावर घरी बसलो. राज्य सरकार बेकारभत्ता देतं. त्यासाठी दर रविवारी फोन लावायचा. पलीकडे एक रेकॉर्ड केलेली बाई असते, ती प्रश्न विचारते, आपण बटण दाबून उत्तर द्यायचं. काम मिळालं असतं तर केलं असतंत का? एक दाबा. काम शोधलंत का? एक दाबा. मग ती विचारते, "या आठवड्यात एखादा दिवस तुम्ही काम करण्याच्या स्थितीत नव्हतात का?" इथे शहाणी माणसं डोळे मिटून दोन, म्हणजे 'नाही', दाबतात.

मी विचार करायला लागलो. (मला हे व्यसन नाही. त्या दिवशी चुकून झालं.) कारण मंगळवारी तळघरात कपडे धुण्याचं यंत्र सरकवताना माझ्या पाठीत उसण भरली होती. माझ्या बायकोचा, क्लॉडेटचा, एक मोजा यंत्रामागे पडला होता, तो काढायला गेलो आणि तिथेच कोयत्यासारखा वाकडा होऊन राहिलो. क्लॉडेटने शेक दिला, मलम चोळलं, बुधवारी दुपारी मी पुन्हा ताठ. पण मंगळवार तो मंगळवार! आणि त्या रेकॉर्डमधल्या बाईचा आवाज इतका विश्वासाचा होता, की तिला फसवणं जिवावर आलं. मी एक दाबलं.

"आभारी आहोत," बाई म्हणाली. भत्ता बंद.

हे कळायलाच पुढचा आठवडा उजाडावा लागला. मग मी कार्यालयाला फोन लावला. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगून त्यांनी सनई-चौघड्यासारखं काहीतरी सुरू केलं, ते संध्याकाळी कार्यालय बंद होईपर्यंत थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरात ठेवला होता. क्लॉडेट शाळेच्या भटारखान्यात काम करते. ती घरी येऊन भांडी घासायची ती त्याच चालीवर. एकदा तर चर्चमध्ये भजन चालू असताना ती तीच चाल गुणगुणायला लागली आणि शेजारचा म्हातारा म्हणाला, "तुमचाही भत्ता अडकलाय वाटतं?"

शेवटी एकदा जिवंत माणूस लाभला.

"तुम्ही काम करू शकत नाही, असं तुम्हीच कळवलंय," पलीकडची मुलगी म्हणाली.

"फक्त मंगळवारी."

"कुठल्या मंगळवारपासून?"

"पासून नाही हो. मंगळवारी. एकाच."

"बरं. मग कुठल्या मंगळवारपर्यंत?"

"त्याच मंगळवारपर्यंत!"

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. "सर, इथे सुरुवातीची आणि शेवटची तारीख एकच घातली तर पुढचं पान उघडत नाही, शेवटची जागा रिकामीच राहते. म्हणजे तुम्ही अजून आजारीच दिसताय. एक करा ना, अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज टाका. यातला नाही तर त्यातला, कुठला तरी मिळेलच."

मला मुलीचं मन मोठं वाटलं. मी अर्ज टाकला. अपंगत्ववाल्यांनी डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने मला पुढे वाकवलं, मागे वाकवलं, एका पायावर उभं केलं आणि तोंड भरून म्हणाला, "अहो, काय पाठ आहे! या वयात अशी पाठ बघायला मिळत नाही." इतका आनंद झाला मला! घरी येऊन क्लॉडेटला सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, तू अपंग आहेस हे सिद्ध करायला गेला होतास ना?"

तर आता अशी गंमत झाली. अपंगत्ववाले म्हणत होते, हा माणूस धडधाकट आहे, याला पैसे कशाचे? बेकारीवाले म्हणत होते, यानेच अपंगत्वाचा अर्ज टाकलाय, धडधाकट कसला? मी म्हटलं, अर्ज मागे घेतो. ते म्हणाले, निकाल लागेपर्यंत मागे घेता येत नाही. आणि ही दोन्ही कार्यालयं एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर! मधल्या पॅसेजमधून कुणीतरी एकदा चालत गेलं असतं तरी माझं काम झालं असतं.

इकडे घरात थंडी वाढायला लागली. घर तापवायचं तेल भरून घ्यायची ऐपत नव्हती म्हणून हीटर अगदी खाली लावलेला. आम्ही कोट घालून जेवत होतो. क्लॉडेटने शाळा सुटल्यावर एका बेकरीत काम धरलं. मी काही बोललो की म्हणायची, "तिथे भट्टी असते रे, मस्त ऊब मिळते." आणि येताना पिशवीत उरलेले पाव आणायची. मी पाव खायचो आणि खिडकीबाहेर बघायचो. तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग दोन्ही कार्यालयांनी फोनवरून सुनावणी ठेवली. गुरुवारी अपंगत्वाची, शुक्रवारी बेकारीची. क्लॉडेट साक्षीदार. मी तिची तयारी करून घेतली.

"हे बघ, गुरुवारी सांगायचं, पाठ फारच वाईट होती. शुक्रवारी सांगायचं, पाठ एकदम उत्तम आहे."

"दोन्ही मीच सांगायचं?"

"दोन्ही खरंच आहे ना! फक्त मधे बुधवार झालाय."

"आर्मंड, हे तू त्यांना का नाही सांगितलंस?"

मी कोटाचं बटण लावत बसलो. (मी सांगितलं होतं. सगळ्यांना.)

गुरुवारी सकाळपासून बर्फ पडत होतं. आमच्या शेजारच्या गिल मेडेरोसचा ट्रक फाटकाशीच रुतला आणि त्याने हाक मारली. फोन यायला अजून अवकाश होता, म्हणून मी गेलो. आणि मी तिकडे असताना फोन वाजला. वादळाचा इशारा होता, शुक्रवारी कार्यालय बंद राहणार म्हणून बेकारीवाल्यांनी शुक्रवारचीच सुनावणी गुरुवारी उरकून घ्यायला काढली होती. हे सांगितलंही होतं म्हणे सुरुवातीला. पण क्लॉडेट घाबरलेली होती. आज गुरुवार, म्हणजे पाठ वाईट, एवढंच तिने घोकून ठेवलं होतं. पुढचं मला तिच्याकडूनच कळलं.

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी तिला शपथ दिली आणि विचारलं, "तुमचे यजमान जड वस्तू उचलू शकतात का?"

"जड? मॅडम, कॉफीचा कप उचलून सिंकमध्ये ठेवणं होत नाही त्याच्याच्याने."

"अरेरे. वाकता येतं?"

"जमिनीवर पडलेला टॉवेल उचलायला वाकलेला मी तरी पाहिलेला नाही."

"जिना चढता येतो?"

"तळघरातून कपडे वर आण म्हटलं की धाप लागते."

"आणि झोप लागते का, की दुखण्याने..."

"झोप लागते. म्हणजे झोपच लागते. तेवढंच एक देवाने ठेवलंय."

"फार सोसताय तुम्ही," बाई म्हणाल्या. क्लॉडेट म्हणते, त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "पण मिसेस पेल्तिए, माफ करा, अशा स्थितीतल्या माणसाला बेकारभत्ता मला मंजूर करता येणार नाही."

"बेकार..." क्लॉडेट म्हणाली. "हे अपंगत्वाचं नाही?"

"नाही हो. ते समोरच्या खोलीत."

आणि नेमक्या त्याच क्षणी मी मागच्या दाराने आत शिरलो. बर्फाने माखलेला, छाती पुढे काढून.

"क्लॉडेट! गिलचा अख्खा ट्रक ढकलून काढला! एकट्याने! बैल आहे बैल तुझा नवरा!"

माझ्या मागून गिल ओरडला, "वहिनी, आपण तर याला मानलं! मी नुसता स्टिअरिंगवर बसून होतो!"

क्लॉडेट माझ्याकडे बघतेय, मी टेबलावर स्पीकरवर टाकलेल्या फोनकडे बघतोय. त्यातून आवाज आला, "कोण बोललं ते?"

मी आवाज एकदम मलूल केला, पाठीवर हात ठेवला (फोनवर दिसतो म्हणून नव्हे, सवयीने) आणि कण्हत म्हणालो, "मी... आर्मंड पेल्तिए... काय सांगू मॅडम, पाठ..."

"अरे मूर्खा, शुक्रवार आहे!" क्लॉडेट किंचाळली.

"शुक्रवार? आज?"

"आजच शुक्रवार आहे!"

"मग मी ठणठणीत आहे!" मी ओरडलो. "मॅडम, बुधवारपासून ठणठणीत!"

पलीकडून गुदमरल्यासारखा आवाज यायला लागला. मग लक्षात आलं, बाई हसू दाबत होत्या आणि ते काही दाबलं जात नव्हतं.

"मिस्टर पेल्तिए," त्या शेवटी म्हणाल्या, "शपथ घ्या आणि मला पहिल्यापासून सांगा. मंगळवारपासून."

मी सांगितलं. मोजा, यंत्र, उसण, शेक, बटण. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "ट्रक केवढा होता?" गिलने पुढे होऊन ट्रकची कंपनी, वजन आणि मागे भरलेल्या विटांची माहिती दिली. मग बाई उठल्या, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडलं, पॅसेजमध्ये पावलं वाजली, आणि लांबून त्या कुणाला तरी म्हणाल्या, "अगं, तो पेल्तिएचा अर्ज रद्द कर, मी त्याला आत्ता ट्रक ढकलताना ऐकलाय."

पुढच्या आठवड्यात अडकलेला सगळा भत्ता आला. तेलवाला येऊन टाकी भरून गेला, हीटर वर केला आणि आम्ही कोट काढून जेवायला बसलो. क्लॉडेटने त्या दिवशी मांसाचं सारण भरलेला मीट-पाय भाजला होता. उबेने तिचे गाल लाल झाले होते आणि बेकरीचं काम सुटल्यामुळे ती कितीतरी दिवसांनी निवांत बसली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. दुकानदाराने चुकून जास्त सुट्टे दिले तर परत करायला पुन्हा बस पकडून जाणारी ही बाई! हिने माझ्यासाठी काय केलं!

मी तिचा हात हातात घेतला. "क्लॉडेट, तू माझ्यासाठी शपथेवर खोटं बोललीस. हे मी जन्मात विसरणार नाही."

तिने हात काढून घेतला. "मी? खोटं?"

"म्हणजे ते कपाचं, टॉवेलचं, कपडे वर आणायचं..."

"आर्मंड, शपथ घेऊन मी खोटं बोलेन? त्यातलं खोटं कुठलं होतं ते दाखव बरं मला. एक तरी."

मी आठवायला लागलो. एकेक वाक्य घेऊन नीट, मनापासून आठवत होतो. बराच वेळ गेला असावा, कारण तेवढ्यात ती उठली, माझ्यासमोरचा रिकामा कप उचलला आणि सिंकमध्ये नेऊन ठेवला.