बिबड्यांची राखण

"तेजस बेटा, तुला खाटेजवळ बसायला आवडेल, की ओट्यावर बसायला आवडेल?" कामिनीने गुडघ्यावर बसून, पोराच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं.

तेजसने नीट विचार केला. "मला आत बसून कार्टून बघायला आवडेल."

एरंडोलजवळच्या त्या घरात आठ दिवसांवर लग्न आलं होतं, आणि सुंदरबाईंची धाकटी सून कामिनी जळगावहून येताना सुटकेसबरोबर आपलं पालकत्वही घेऊन आली होती. पोराला 'नाही' म्हणायचं नाही, त्याला दोन पर्याय द्यायचे, त्याच्या भावना विचारायच्या, हे सगळं ती मोबाईलवरच्या एका बाईकडून शिकली होती. त्या बाईला स्वतःला पोरं होती की नाही, देव जाणे.

थोरली सून रूपा हिच्याकडे पर्याय वगैरे भानगड नव्हती. तिने आपल्या अमृतला दंडाला धरून खाटेशेजारी आणून बसवलं. "आठून जरा बी हालना तं तंगडं मोडी टाकसू. आनि तोंड उघडनं नही. पाहुणा उनात का तुनी बडबड सुरू व्हस."

अमृत बसला. नऊ वर्षांचं पोर, पण तालुक्याच्या कचेरीसमोरचा पुतळासुद्धा त्याच्यापेक्षा जास्त हालचाल करत असेल.

राखायचे होते बिबडे. ज्वारी भिजवून, दळून, तिचा घाटा शिजवून, ओल्या फडक्यावर एकेक थापून केलेले, तीळ-जिरं घातलेले, ताटाएवढे बिबडे. गल्लीतल्या बाया उजाडल्यापासून राबत होत्या. चार खाटांवर धुतलेली लुगडी पसरून त्यावर ते वाळत घातले होते. ते सगळे सुंदरबाईंच्या लेकीच्या, दीपमालाच्या, रुखवतात जायचे होते. आणि दीपमालाची होणारी सासू, धुळ्याच्या बेबाबाई, त्याच दुपारी येणार होत्या. निमित्त साड्या निवडायचं होतं. खरं काम तयारी तपासायचं, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"ईनबाईनी त्यास्नी मोठी सूननं रुखवत पाह्यीसन तिले सहा महिना टोमणा मारात," सुंदरबाईंनी सुनांना बजावलं होतं. "मनी पोरले तठे जन्मभर राहणं शे. एक बिबडा कमी भरना तं तिले ऐकनं पडी."

तर अशी ती राखण. तेजसची समजूत घालता घालता कामिनीला घाम फुटला, पण शेवटी तो ओट्यावर बसायला 'स्वतःहून' तयार झाला. मग दोघी जावा एकमेकींकडे अशा काही बघून मागच्या चुलीकडे गेल्या की, आता दिसेलच कोणाचं पोर कसं घडलंय ते.

दिसलं ना. शेजारच्या सुकदेव नानांची बकरी उघड्या फाटकातून आत आली.

अमृतने तिला सगळ्यात आधी पाहिलं. पण हालायचं नव्हतं आणि तोंड उघडायचं नव्हतं. तो फक्त डोळे फिरवत राहिला. बकरी त्याच्या पायावर पाय देऊन पुढे गेली, तरी पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही. आज्ञाधारक म्हणजे किती असावं!

तेजस मात्र उठला. बकरीसमोर गुडघे टेकून बसला आणि प्रेमाने म्हणाला, "तुला भूक लागलीय का? की तुला राग आलाय?"

बकरीने भावना सांगितल्या नाहीत. ती बिबड्याकडे बघत राहिली.

"बरं, तुला हा आवडेल, की तो आवडेल?"

बकरीने दोन्ही पर्याय स्वीकारले. मग तिची पिल्लं आली, त्यांनाही तेजसने विचारलं. कोणावर अन्याय होऊ दिला नाही त्याने.

बाया धावत आल्या तेव्हा तीन खाटा साफ होत्या आणि चौथीवर बकरी उभी होती. रूपाने आधी तिला हाणलं, मग पोराकडे वळली.

"मुडद्या, आरडना का नही तू?"

"तूच सांगेल व्हतं ना, तोंड उघडनं नही म्हनीसन!"

कामिनी तेजसपुढे बसली. आवाज शांत ठेवायचा, असं ती बाई सांगायची. "तेजस, हे बघून तुला आत्ता काय वाटतंय?"

"छान वाटतंय," तेजस म्हणाला.

आणि एवढ्यात गाडीतून विहीणबाई उतरल्या. फाटकातच थांबल्या. आधी बकरीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडातून लोंबणाऱ्या बिबड्याकडे.

"रुखवतमा बकरी बी ठेवतस का तुमनाकडे?"

झालं! सुंदरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दीपमाला दारात उभी होती, तिने कपाळाला हात लावला. पण जावांना विहीण दिसेनाच.

"लाडाई लाडाई पोऱ्या वाया घाली दिना!" रूपा म्हणाली. "बकरीना पाहुणचार करस तो!"

"आणि तुमचा, ताई? घराला आग लागली तरी परवानगीची वाट बघत बसेल! मारून मारून दगड केलाय त्याचा!"

"मना दगड बरा! तुना तं नुसता लोणी शे!"

"चूप!" सुंदरबाई कडाडल्या. विहिणीसमोर घराची अब्रू चाललेली, आता काहीतरी करणं भाग होतं. "मी बी दोन पोऱ्या मोठा कयात. ना मोबाईलमा दखं, ना तंगडं मोडं. ईनबाई, तुमीच दखा कसा सोनाना मानसं शेत. ज्ञानेश्वर! योगेंद्र! भाईर या रे!"

कोणी आलं नाही. दीपमालाने आतल्या खोलीचं दार ढकललं. कूलरसमोर चटई टाकून सोन्याची माणसं बसली होती. मधे परात, परातीत ओले बिबडे, बाजूला कच्चे शेंगदाणे आणि तेलाची वाटी. चाळिशी गाठलेला ज्ञानेश्वर आणि बँकेत साहेब असलेला योगेंद्र, दोघांचे गाल भरलेले.

"फाटक कोनी उघडं ठेवं?" सुंदरबाईंनी कंबरेवर हात ठेवून विचारलं.

"आई, मी नाही, दादानं!" योगेंद्र म्हणाला.

"खोटं बोलस आई हाऊ! मना मांगून हाऊच उना!"

"पण परात आणायची आयडिया याचीच होती!"

सुंदरबाई खाली बसल्या. बेबाबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला. आता टोमणा येणार, आणि तो लग्नभर पुरणार, हे सगळ्यांना कळलं. तोंड उघडलंच होतं त्यांनी, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना तो कानाला लावून ऐकू येत नसे, म्हणून स्पीकर चालूच असायचा.

"माय, मना टावेल कोठे शे?"

नवरदेव होता. रुपचंद. वय एकोणतीस, धुळ्यात ट्रॅक्टरच्या शोरूमचा मॅनेजर.

बेबाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "कपाटना वरना खणमा दख."

"दखं मी. नही शे."

"दोरीवर?"

"तठे बी नही. माय, तू कव्हय येशी? माले उशीर व्हयी ऱ्हायना." मग थोडा वेळ नुसती धडपड ऐकू आली. "हां, सापडना. मना खांदावरच व्हता."

रूपाच्या तोंडून हसू फुटलं, कामिनीने तिचा हात दाबला, तर तिलाही फुटलं. दोघी जावा एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून खिदळत राहिल्या.

"बिबडास्नं मनवर नका लेऊ, ईनबाई," बेबाबाई एकदम मऊ झाल्या. "आमनाकडे इतला खातस कोन?"

"रुखवतना भांडा तरी दखी ल्या," सुंदरबाई म्हणाल्या.

"भांडा ऱ्हाऊ द्या. पोर दी ऱ्हायनात, तेच खूप शे."

फोन पुन्हा वाजला. रुपचंदच. बेबाबाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, दीपमालाकडे पाहिलं, आणि फोन सरळ तिच्या हातात दिला.

दीपमालाने तो कट केला.

सुंदरबाईंनी पदर तोंडाला लावला. पोरीने आठ दिवस आधीच सासूचा मान घालवला की काय!

बेबाबाईंनी लांब श्वास सोडला. "हाई काम," त्या म्हणाल्या, "मीच पंचवीस वरीस पहिले कराले पायजे व्हतं."