बेसमेंटमधला टँगो

पेटीवर अभंग वाजवणारे आणि नाट्यगीतं वाजवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पेटीवर टँगो वाजवणारा माणूस मात्र एकच पाहिला, अमेरिकेतल्या एडिसन गावचे आमचे भालेराव काका. तोही साधासुधा टँगो नव्हे. घराच्या बेसमेंटमध्ये गालिच्यावर मांडी घालून ते बसायचे. एका बाजूला जुनी रेकॉर्ड फिरतेय, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपमधून धबधब, टिकटिक असे इलेक्ट्रॉनिक ठोके पडतायत आणि मध्ये काकांची पेटी.

"अरे, टँगोवाल्यांचं ते बँडोनिऑन म्हणजे आपली पेटीच," ते सांगायचे. "आपण जमिनीवर ठेवतो, ते मांडीवर घेतात. लाडावलेलं पोर आहे ते!"

ही दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. "घाई कुणाला आहे?" हे काकांचं पालुपद. ओक ट्री रोडवरच्या दुकानात ते प्रत्येक भेंडीचं शेपूट मोडून बघायचे. मागे गर्दी जमली की वळून हाच प्रश्न विचारायचे. टर्नपाइक हायवेवर त्यांच्या गाडीमागे लोक हॉर्न वाजवून थकायचे. काका काच खाली करून त्या अमेरिकनांनाही शुद्ध मराठीत तेच विचारायचे.

टँगोचं वेड त्यांच्या अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यातलं. ओळखीचं कुणी नाही, अपार्टमेंटचं हीटिंग बिघडलेलं. लायब्ररीच्या हॉलमध्ये फुकट टँगो शिकवायचे आणि हॉल मस्त गरम असायचा. काका आणि मंदाकाकू ऊब घ्यायला म्हणून गेले, ते नाचायलाच लागले. काकू साडीवर स्नोबूट घालून नाचायच्या. ही हकिगत त्या स्वतःच काय रंगवून सांगायच्या! पण पॅरालिसिसचा झटका आल्यापासून त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. आमचंही त्यांच्याकडे जाणं कमी झालं होतं.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत काकांनी आपल्या नव्या टँगोची सीडी लावायला दिली. सुरुवात झकास झाली, मुलं स्टेजसमोर उड्या मारायला लागली. आणि मध्येच ठोका गप्प, पेटीही गप्प. साउंडवर बसलेल्या परागला वाटलं, सीडी अडकली. त्याने घाईघाईने दुसरी लावली आणि टँगोच्या पाठोपाठ ढोलकीवर लावणी सुरू झाली. लोक पोट धरून हसले. काका काही हसले नाहीत.

"दिवाळीला पुन्हा देईन," सीडी परत घेत ते म्हणाले, "आणि अशीच देईन."

दिवाळीच्या आधी कमिटीने ठरवलं, मधली गॅप काढली तरच टँगो, नाहीतर आयटम कॅन्सल. मी सांस्कृतिक सचिव, म्हणजे खुर्च्या मांडणारा आणि नको ते निरोप पोचवणारा. त्यामुळे मलाच पाठवलं.

घराचं दार उघडंच होतं आणि खालून टँगो ऐकू येत होता. मी बेसमेंटच्या जिन्यात थबकलो. लॅपटॉप वाजत होता आणि काका काकूंना धरून नाचत होते. वळण आलं, तसा ठोका थांबला. काकूंचा डावा पाय मागे राहिला होता. त्या तो घासत, ओढत पुढे आणत होत्या आणि काका नुसते उभे होते. पाय जागेवर आला, तसा पुढचा ठोका पडला.

माझ्याकडे लक्ष गेल्यावर काका जरा ओशाळले.

"रेकॉर्ड थांबत नाही रे," ते म्हणाले. "ती वाजवणारी माणसं कधीच गेली. त्यांना कसं सांगणार, जरा हळू घ्या म्हणून? म्हणून हे कंप्युटरचं शिकलो. हा थांबतो."

मी निरोप तसाच परत नेला आणि कमिटीशी चक्क भांडलो.

दिवाळीला परागच्या खुर्चीत मी बसलो. काकांचा हात धरून काकू नाचायला स्टेजवर आल्या, भरजरी साडीत. पहिलं वळण नीट पार पडलं. दुसऱ्या वळणावर गर्दी बघून बिचकल्या असाव्यात, पाय लवकर येईना आणि सीडीतली गॅप संपत आली. मी पॉजचं बटण दाबलं.

"सीडी अडकली यार!" मागून कुणीतरी ओरडलं.

काकूंनी मान वळवली. झटक्यापासून त्या चारचौघांत बोलल्याच नव्हत्या. जड जिभेने, एकेक शब्द जुळवत त्या म्हणाल्या,

"घाई... कुणाला... आहे?"

काका खळखळून हसले. मग पाय आला आणि मी बटण पुन्हा दाबलं.