कुलूपवाली सातवी

मला कुणी फसवू शकत नाही! ही फुशारकी नाही, आमच्या घराची शिस्तच तशी आहे. बाबांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. पंचवीस वर्षं ते लोकांची अडकलेली दारं उघडून देतायत, त्यामुळे बंद दाराबाहेर उभा असलेला प्रत्येक माणूस त्यांना आधी चोर वाटतो, मग गिऱ्हाईक. आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यालाही कुलूप आहे. आईचा चष्मा सापडला नाही, की आम्ही आधी एकमेकांकडे बघतो आणि मग टेबलाखाली.

मी सायकल शर्यतीत आले तीही संशयामुळेच. एक माणूस आमच्या काउंटरवरची किल्ली उचलून स्कूटरवरून निघाला, तेव्हा मी माझ्या जुन्या सायकलवरून तीन चौक त्याचा पाठलाग केला आणि त्याला गाठलं. किल्ली त्याचीच निघाली. पण सायकल क्लबचे सर सिग्नलला उभे राहून सगळं बघत होते. ते दुकानात आले आणि म्हणाले, "ही मुलगी मला द्या."

बाबांनी आधी शटर अर्धं खाली ओढलं आणि मग विचारलं, "कशाला?"

तर अशी सोळाव्या वर्षी मी शर्यतीची सायकलपटू झाले. क्लबने एक सायकल दिली. निळी, हलकी, एका बोटावर उचलावी अशी! चार आठवडे मी तिच्यावरून उतरले ती फक्त जेवायला आणि झोपायला. सरांनी अट घातली होती. पहिल्याच शर्यतीत पहिल्या आठांत आले तर मी संघात आणि सायकल वर्षभर माझी. नाही आले तर सायकल परत, क्लबच्या यादीतल्या पुढच्या मुलीला. त्या पुढच्या मुलीचा विचार आला, की मी ताट तसंच टाकून आणखी दोन फेऱ्या मारून येई.

शर्यतीच्या दिवशी सर म्हणाले, "तू नवीन आहेस. घोळक्यात राहा आणि बाकीच्या सांगतील तसं कर."

बाकीच्या सांगतील तसं? ज्यांना मला हरवायचंय त्या? मी मान डोलावली आणि ठरवलं, त्या सांगतील त्याच्या बरोब्बर उलट करायचं.

पहिली आली ती लाल हेल्मेटवाली. गोड हसून म्हणाली, "अगं, जर्सीवरचा नंबर उजव्या बाजूला लावलायस. डावीकडे लाव. पंच डाव्या हाताला बसलेत, त्यांना दिसायला हवा ना!"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही बाई. सांगितलं आपलं!"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा कानात कुजबुजले, "ओळख ना पाळख, आणि फुकट सल्ला? नंबर आहे तिथेच राहू दे."

शिट्टी व्हायला दहा मिनिटं होती. मी बाथरूमला जाऊन आले आणि बघते तर काय, माझी सायकल साखळीने कठड्याला बांधलेली! साखळीच्या एका टोकाला कुलूप, ते सीटच्या दांड्याला. दुसऱ्या टोकाला कुलूप, ते कठड्याला.

"बाबा! हे काय?"

"एक माणूस तुझ्या सायकलकडे निरखून बघत होता."

"तो मेकॅनिक आहे! सायकली बघणं हेच त्याचं काम आहे!"

"तेच तर. सराईत नजर!"

"किल्ली द्या आधी!"

बाबांनी खिशातून एक किल्ली काढली, मग मोज्यातून तीन. त्यातल्या दोन खोट्या होत्या, चोराला गोंधळात टाकायला. चोर काही आला नाही, पण बाबांचा पुरता गोंधळ उडाला. तिकडे कर्ण्यावरून मुलींना रांगेत बोलावत होते. गावभरची कुलपं दोन मिनिटांत उघडणारा माणूस घामाघूम होऊन स्वतःच्या कुलपाशी झटापट करत होता! अखेर कठड्याचं कुलूप उघडलं. सीटचं काही उघडेना.

"असू दे, अशीच जा!" म्हणत बाबांनी साखळी सीटखाली गुंडाळली. सायकलींची तपासणी आधीच झाली होती, म्हणून कुणी पुन्हा पाहिलं नाही. एका बोटावर उचलली जाणारी माझी सायकल आता दोन्ही हातांनी उचलावी लागत होती.

शिट्टी झाली! कारखान्यांच्या वसाहतीभोवती दहा फेऱ्या. मी पायडल मारलं, की मागून खळ्ळ. पुन्हा मारलं, की पुन्हा खळ्ळ.

दुसऱ्या फेरीत लाल हेल्मेटवाली माझ्या पुढे होती. तिने एकाएकी कोपर हलवलं. म्हणजे ही मला कोपराने ढकलणार! मी ब्रेक दाबून मागे सरले. तिने पुन्हा कोपर हलवलं, मी आणखी मागे.

"अगं, पुढे ये ना! तुझी पाळी आहे वारा अंगावर घ्यायची!" ती ओरडली.

वारा मी का घेऊ? मी मुळीच गेले नाही.

चौथ्या फेरीत तिने हात खाली करून रस्त्याकडे बोट दाखवलं. मी मनात म्हटलं, ही मला खाली बघायला लावून पुढे सटकणार. मी मुद्दाम मान वर करून एका कारखान्याच्या धुराड्याकडे पाहिलं. पुढच्या क्षणी माझं चाक खड्ड्यात! दात वाजले, सीटखालची साखळी सुटून लोंबायला लागली आणि कुलूप माझ्या पोटरीवर ठाणठाण आपटू लागलं.

"दाखवला होता की खड्डा!" मागून कुणीतरी म्हणालं.

मागून? मी वळून पाहिलं. एक उंच मुलगी माझ्या मागच्या चाकाला हातभर अंतर ठेवून चिकटलेली! मी डावीकडे, तर तीही डावीकडे. मी उजवीकडे, तर तीही उजवीकडे. बाबांचं लहानपणापासूनचं सांगणं आहे, मागे चिकटून येणाऱ्यापासून लांब पळायचं. मी पळाले! घोळका सोडून, जीव खाऊन, एकटीच सगळ्यांच्या पुढे. लोक टाळ्या वाजवायला लागले. बाबा मात्र ओरडत होते, "मागे बघ! मागे बघ!"

दोन फेऱ्या मी वाऱ्याशी एकटी झुंजले आणि सातव्या फेरीत माझे पाय संपले. घोळक्याने मला गिळलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की दुसरीच्या मागे राहिलं की वारा लागत नाही आणि ती उंच मुलगी माझ्यामागे आरामात बसली होती! उरलेल्या फेऱ्या मी कुणाच्या तरी मागे चिकटून काढल्या. शेवटच्या वळणावर डोळे मिटल्यासारखे करून पायडल मारलं आणि दहा-बारा जणींच्या गर्दीत रेषा ओलांडली.

निकाल लागायला वेळ लागला. जाडजूड भिंगांचा चष्मा लावलेल्या मुख्य पंचबाईंनी कागद टाचला. मी वाचलं आणि किंचाळलेच! सातव्या क्रमांकापुढे लिहिलं होतं, "नंबर दिसला नाही. कुलूपवाली."

सातवी! आठांत! सरांनी पाठ थोपटली. मी सायकलला मिठी मारली आणि कुलपालाही मारली. मला खरंच रडू आलं.

तेवढ्यात बाबांचा आवाज आला. "थांबा. सातवी कशी? पाचवी आलीय ती. मी या डोळ्यांनी पाहिलंय!"

"बाबा, राहू द्या ना..."

"राहू द्या काय? यात काहीतरी काळंबेरं आहे! बाई, व्हिडिओ दाखवा!"

"बाबा, प्लीज!"

पंचबाई शांतपणे म्हणाल्या, "आक्षेप घेताय ना? बघूया की."

व्हिडिओ लावला. थांबवला. मागे नेला. पुन्हा लावला. पंचबाईंनी पडद्यावर बोट टेकवून मोजायला सुरुवात केली. माझ्या आधी आठ जणींची चाकं रेषेपलीकडे गेली होती.

"नववी," पंचबाई म्हणाल्या. "कुलूप वाजलं म्हणून आम्ही आधी तिकडे बघितलं, त्यात पुढच्या दोघी नजरेतून सुटल्या. बरं झालं तुम्ही विचारलंत!"

नवव्या क्रमांकावरून आठव्यावर गेली लाल हेल्मेटवाली. ती माझ्याजवळ आली, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "थँक्यू सांग हं काकांना."

घरी दारात पोचल्यावर बाबा म्हणाले, "व्हिडिओत गडबड आहे." पण माझ्याकडे न बघता. मी सरळ पलंगावर जाऊन उताणी पडले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता सर सायकल न्यायला आले. सायकल आमच्या खिडकीच्या गजांना त्याच साखळीने बांधलेली होती.

"किल्ली?" सरांनी विचारलं.

"हरवली," बाबा म्हणाले.

"मग उघडा की! तुमचा धंदाच आहे!"

"हे कुलूप मी स्वतः बनवलंय," बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "कुणाच्या बापालाही उघडणार नाही."

याला आता तीन आठवडे झाले. सर दर सोमवारी येतात, कुलूप ओढून बघतात, हसू दाबतात आणि पुढच्या शर्यतीची तारीख सांगून जातात. ती पुढची मुलगी सध्या दुसऱ्या एका सायकलवर खूश आहे म्हणे.

गंमत अशी, की रोज सकाळी साडेपाचला मी उठते तेव्हा ते कुलूप उघडं असतं. मी तासभर सायकल मारून येते, तोंड धुते, आणि बाहेर येऊन बघते तर पुन्हा बंद!

मला बाबांचा दाट संशय आहे. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी चौकशी करत नाहीये. नंबर मात्र आता डावीकडेच लावणार.