उसाच्या पाचरींचं दार

आमच्या कळसाडीत पुढच्या गल्लीतून मागच्या गल्लीत जायचं असेल, तर कुणी वळसा घालत नाही. छगनजिभाऊंच्या घरातून जातो. ओट्यावरून शिरायचं, बैठक ओलांडायची, स्वयंपाकघरात माठातलं पाणी प्यायचं, आणि मागच्या अंगणातून बाहेर पडायचं. एकदा एका लग्नाची वरात बँडसकट त्या घरातून गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. घोडा तेवढा स्वयंपाकघरात जरा रेंगाळला, कारण शिंक्यात केळी होती.

याचं कारण म्हणजे त्या घरात आत एकही दार नाही. न्हाणीला एक पत्रा आहे, तोही पाहुण्यांच्या आग्रहाखातर. पुढचं आणि मागचं दार आहे, पण ते लावलेलं कुणाला आठवत नाही. एकदा चोर शिरला होता. सगळं सताड उघडं पाहून त्याला वाटलं, आपल्याआधीच कुणीतरी हात मारून गेलं. बिचारा हळहळला आणि जाताना पुढचं दार लावून गेला. सकाळी जिभाऊ असे खवळले म्हणता! चोर आला त्याचं काही नाही. त्यानं दार लावलं, याचा राग.

आतली दारं पूर्वी होती. काही वर्षांपूर्वी जिभाऊंनीच ती चौकटींसकट उपटून काढली. एकाचं खुराडं झालं. एकावर शेवया वाळतात. आणि एक जाडजूड सागवानी दार मळ्यातल्या पाटावर पूल म्हणून आडवं पडलं होतं. त्याची कडी तशीच होती, आणि पाट ओलांडताना गडीमाणसं गमतीनं ती वाजवून 'येऊ का?' म्हणायची.

दारं का काढली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "दार लाव का मानूस चोरटा व्हई जास, भाऊ. उघडं ऱ्हावानं."

भाऊ म्हणजे मी. खत-बियाण्यांचं दुकान चालवतो, आणि माझ्या घराची भिंत जिभाऊंच्या भिंतीला लागून आहे. या माणसाचा आवाज असा, की शहाद्याला बोलायचं तर त्यांना फोन लागत नाही. आणि तोंडात एक वाक्य कायम: "त्यामा काय शे!" म्हणजे, त्यात काय एवढं! मोटार जळाली, त्यामा काय शे. केळीची बाग वाऱ्यानं झोपली, त्यामा काय शे. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं, तेव्हा हातातली जिलेबी डॉक्टरांच्या तोंडात कोंबून म्हणाले, "त्यामा काय शे!"

जिभाऊंना मुलगी एकच, जयू. पुण्याच्या कंपनीत नोकरी आणि सगळं काम कॉम्प्युटरवर, घरी बसून. गेल्या दिवाळीत ती गावी आली आणि बैठकीत कॉम्प्युटर उघडून साहेबांशी बोलत बसली. तिच्या मागून आधी शेळी गेली. मग दूधवाला आला. त्यानं पडद्यात डोकावून साहेबांना रामराम घातला, आणि लिटरभर टाकू का म्हणून विचारलं. जयू दुसऱ्याच दिवशी परत गेली. गाडी वळणाआड गेली तरी जिभाऊ रस्त्यात हात वर करून उभे होते.

आणि होळीच्या तोंडावर तिचा फोन आला. जिभाऊ फोनवर बोलतात ते अख्ख्या गल्लीत ऐकू येतंच, पण फोन स्पीकरवर असल्यानं त्या दिवशी जयूही ऐकू आली. "आबा, होळीला येते. काठी गावची होळी बघायचीय. आणि मग महिनाभर तिथूनच काम करीन म्हणते. पण एक खोली अशी द्या, की दार लावून बसता येईल. नाहीतर मला दोन दिवसांत परत यावं लागेल."

मी दुकानात पावती फाडत होतो. एवढ्यात जिभाऊ गल्ला ओलांडून, म्हणजे अक्षरशः गल्ल्यावरून, माझ्या अंगावर आले. "भाऊ! पोर महिनाभर ऱ्हाई! चाल, दार बसाडानं शे!"

"सुतार बोलवू?" मी म्हटलं.

"सुतार कसाले? आते चौकटीसकट तयार दार मिळस. बिजागऱ्या लायेल, सगळं लायेल. भोकमा उभं करानं, स्क्रू पिळाना, व्हयनं. त्यामा काय शे!"

जन्मात ज्या माणसानं खुंटीसुद्धा ठोकली नव्हती, तो आता दार बसवणार होता. आणि मदतीला मी, ज्यानं खुंटी ठोकताना भिंत पाडली होती.

शहाद्याहून दार आणलं ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं करून. आडवं नेलं तर लोकांना काय दिसणार? ट्रॉलीत चौकट, चौकटीत दार, दारामागे जिभाऊ. वाटेत माणूस दिसला की दार उघडून "रामराम!", आणि पुन्हा बंद. उसाच्या गाड्या थांबल्या. एका म्हातारीनं कुठला तरी देव चालला असं समजून लांबूनच हात जोडले. जिभाऊंनी तिलाही आशीर्वाद दिला.

बैठकीला लागून असलेल्या खोलीच्या रिकाम्या भोकापाशी काम सुरू झालं. मी मोबाईलवर एका मिस्त्रीचा व्हिडिओ लावला. तो हिंदीत 'सबसे पहले' एवढंच बोलला, आणि जिभाऊंनी मोबाईल उलटा ठेवला. "समजनं!"

चौकटीच्या दोन्ही पायांना तळाशी एक बारीक पट्टी ठोकलेली होती. दार पक्कं बसेपर्यंत चौकट काटकोनात राहावी म्हणून ती असते, हे मला फार उशिरा कळलं. जिभाऊंनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"हाऊ उंबरठा शे का? इतला बारीक? मन्ही पोर इतलासा उंबरठा ओलांडी?" आणि पट्टी उपटून फेकून दिली.

त्याबरोबर चौकटीचे पाय नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे फाकले. दार एकीकडे, चौकट दुसरीकडे, मध्ये मी. जिभाऊ गोठ्यातून मनगटाएवढं फळकुट घेऊन आले. ते खाली लावलं तर दार उघडेना. काढलं तर जिभाऊ ऐकेनात. बिनउंबरठ्याची चौकट म्हणजे बिनकुंकवाचं कपाळ, असं त्यांचं म्हणणं.

तेवढ्यात चौकटीच्या पूजेचं ताट घेऊन आमची मंडळी, रेखा, आली. तिनं एकवार आमच्याकडे पाहिलं. "जिभाऊ, हाई दार शे का झोका?" मग खाली बसून तिनं जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगोळीची रेघ ओढली, वर हळद-कुंकू वाहिलं. "हाऊ तुमना उंबरठा. आते पुढे चाला."

जिभाऊ पुढे चालले. आता चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ठोकायला लाकडाच्या पाचरी हव्या होत्या. लाकूड शोधायला वेळ कुणाला? अंगणात जयूसाठी तोडून आणलेली उसाची मोळी होती. जिभाऊंनी कोयता घेतला आणि सपासप पाचरी पाडल्या. बाहेरून टणक, आतून गच्च, आणि फटीत अशा चपखल बसल्या की मीच थक्क झालो. दोन-चार उरल्या त्या आम्ही खाल्ल्या. सुतारकामात पाचर खाऊन बघायची सोय फक्त आमच्याकडेच.

दोरीला मोटारीचा नट बांधून जिभाऊंनी ओळंबा केला आणि स्क्रू पिळले. दार बसलं! काय सांगू तो आनंद! जिभाऊ दार उघडत होते, लावत होते, आत जाऊन मला हाक मारत होते, बाहेर येऊन स्वतःच उत्तर देत होते. गाव बघायला लोटलं. बिजागऱ्यांना घाम फुटला असेल. रेखानं शेवटी दम भरला, "जिभाऊ, पोर येवाना आधी घिसी टाकशात दारले!"

सकाळी त्यांच्या हाकेनं मी उठलो. जाऊन पाहतो, तर चौकट काळी पडलेली आणि हलत होती. मुंग्या! कळसाडीच्या तर होत्याच, पण मला वाटतं तळोद्याच्याही जीप करून आल्या होत्या. त्यांची रांग पाचरींत शिरत होती आणि साखर घेऊन बाहेर पडत होती. मी झाडू शोधतोय, तोवर रोजच्या वाटेनं शेळी आली. तिनं चौकटीखालची पाचर हुंगली, दातांनी ओढून काढली आणि चघळत चघळत मागच्या अंगणातून निघून गेली. चौकट कर्रर्र करून कलली. दार आपोआप सताड उघडलं ते पुन्हा लागेचना.

त्याच वेळी फोन वाजला. "आबा, गाडीत बसलेय. संध्याकाळपर्यंत पोचते."

जिभाऊ खाटेवर बसले. मी वाट पाहत होतो त्या वाक्याची. ते आलंच नाही.

"ती ऱ्हाई नही, भाऊ," ते म्हणाले. आवाज असा, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "परवा निंघी जाई."

मी म्हटलं, "जिभाऊ, तुमचा हात वाईट नव्हता. पाचरीचं लाकूड गोड होतं. वाळलेलं चांगलं सागवान पाहिजे."

ते ताडकन उठून मळ्याकडे निघाले. परत आले ते पाटावरचा पूल खांद्यावर घेऊन.

"अहो, गडी आता पाट कसे ओलांडतील?"

"उड्या मारतीन! त्यामा काय शे!"

माझा जीव भांड्यात पडला. जिभाऊंनी ते जुनं दार स्वतः कापलं. कडीपाशी करवत आली तेव्हा मात्र थांबले. कडी काढली, धोतरानं पुसली आणि बाजूला ठेवली. मग पाचरी पाडल्या. या खेपेला मोबाईलवरच्या मिस्त्रीला पूर्ण बोलू दिलं. जिभाऊ त्याच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे मांडी घालून बसले होते. आधी बिजागऱ्यांची बाजू ओळंब्यात घ्यायची, पाचरी दोन्ही अंगांनी जोडीनं ठोकायच्या, प्रत्येक बिजागरीमागे एक जोडी, आणि स्क्रू पाचरीतून थेट भिंतीत. दार बसलं. नुसतं बोट लावलं की लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरायचं. शेवटी जिभाऊंनी ती जुनी कडी नव्या दाराला आतून लावली. दाराला आधीच चकचकीत कुलूप होतं, तरीसुद्धा.

जयू आली. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "आबा, तुम्ही बसवलंत?"

"त्यामा काय शे!" जिभाऊ म्हणाले. शहाद्याला ऐकू गेलं असेल.

होळीला दोघं काठीला जाऊन आली, आणि मग तिचं काम सुरू झालं. त्या सकाळी रेखानं दिलेला चहा घेऊन मी गेलो, तर घरात माणूस नाही की काणूस. बंद दाराला पाठ टेकून जिभाऊ जमिनीवर बसलेले.

"काय जिभाऊ," मी म्हटलं, "आज वाहतूक बंद?"

त्यांनी हातानं गप्प केलं आणि आत बोट दाखवलं. "हळू बोल. मझार पोर शे." जिभाऊ कुजबुजतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मला राहवेना. "दार लाव का मानूस चोरटा व्हई जास ना?"

ते हसले. मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "तुन्ही काकू गई ना भाऊ, तवय ते सागवानी दार हाई खोलीलेच व्हतं. बंद दिखे का माले वाटे, ती मझार झोपेल शे. उघाडीसन देखू, ते खाट रिकामी. रोज तसंच. रोज माले वाटे, आनि रोज मी उघाडू. मंग सगळाच दारं उपटी टाकात. उघडं ऱ्हायनं म्हंजे दुरूनच दिखस, कोनी नही म्हनीसन."

दारामागे जयू साहेबांशी इंग्रजीत बोलत होती. जिभाऊंना त्यातला एक शब्दही कळत नव्हता, पण ते कान लावून ऐकत होते.

इतक्यात रोजच्या वेळेला शेळी आली, थेट ओट्यावरून बैठकीत. जिभाऊंनी तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

"मझार कोनी तरी शे," ते तिला म्हणाले.

तुमचा विश्वास बसो न बसो, पण शेळी थांबली, वळली, आणि पायांचा आवाज न करता गल्लीला वळसा घालून गेली.