पहिली प्रत तेवढी खरी

मुलगी रविवारी येण्यापूर्वी संगणक जरा झाडून घ्यावा, असा अगदी साधा निर्णय भांडारपालांनी गुरुवारी सकाळी घेतला. साध्या निर्णयांनीच आपला आजवर सर्वाधिक घात केला आहे, याचे स्मरण त्यांना नेहमीप्रमाणे उशिरा झाले.

पंपांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षे झाली होती. तरी शेजारीपाजारी त्यांना भांडारपालच म्हणत. एकतीस वर्षांत त्यांच्या भांडारातून एक वॉशरदेखील चिठ्ठीवाचून बाहेर पडला नव्हता. (एकदा पडला. तो त्यांच्याच खिशातून घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःलाच मेमो दिला.) एकाच वस्तूची दोन कार्डे आढळली, की पहिले खरे मानावे आणि नंतरचे फाडावे, हा त्यांचा नियम.

मुलीचा फोन आदल्या दिवशी आला होता. "बाबा, आईचा एक छानसा फोटो शोधून ठेवा ना. भिंतीवर लावायचाय. माझा फोन पाण्यात पडला, तेव्हापासून माझ्याकडे तिचा एकही नाही हो."

"त्यात काय शोधायचे? संगणकात सर्व आहेत."

पत्नीला जाऊन आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत त्यांनी फोटोंचा तो कप्पा एकदाही उघडला नव्हता. आधी साफसफाई करू, मग पाहू, असे त्यांनी ठरवले. (धैर्य गोळा करण्याला ते साफसफाई म्हणत.)

एकसारखे फोटो हुडकणारा प्रोग्रॅम त्यांनी सूचना दोनदा वाचून, कोणालाही न विचारता, स्वतः बसवला. त्याने पाऊण तास खल केला आणि विचारले, एका वेळचे मिळतेजुळते फोटो चार हजार आहेत; प्रत्येक गटातला कोणता ठेवू? सर्वांत जुना, सर्वांत नवा, की आपण स्वतः पाहून ठरवणार? स्वतः पाहण्याची भांडारपालांची छाती झाली नाही. त्यांनी 'सर्वांत जुना' वर बोट ठेवले. मग कचऱ्याची टोपली रिकामी केली. पुन्हा कधीही मिळणार नाहीत अशा रीतीने पुसू का, या प्रश्नालाही त्यांनी ठणठणीत होकार दिला. आवारात भंगार साठवतो तो भांडारपाल कसला!

नंतर त्यांनी चष्मा पुसला आणि पहिला फोटो उघडला.

त्यात एक गुलाबी धुके होते. दुसऱ्यातही. पंधराव्या फोटोला त्यांना उलगडा झाला आणि ते खुर्चीत मागे टेकले.

पत्नी फोटो नेहमी तीनदा काढी. पहिल्यांदा तिचा अंगठा लेन्सवर येई, दुसऱ्यांदा कोणीतरी हलत असे, तिसरा नेमका येई. वर्षानुवर्षांचे ते सारे तिसरे फोटो त्यांनी आज विधिपूर्वक नष्ट केले होते.

तिचे स्वतःचे फोटो सहाच वेळचे होते, भांडारपालांनी काढलेले. दर वेळी ती म्हणे, "अहो, माझे डोळे मिटले. अजून एक घ्या ना." ते कुरकुरत दुसरा घेत, आणि त्या कुरकुरीला ती हसत असतानाच तो निघे. आता सहाही पहिले शिल्लक होते. सहाही फोटोंत तिचे डोळे मिटलेले.

रविवारी मुलीने ते पाहिले आणि तोंड फिरवले.

"हे नकोत, बाबा. शेवटी पाहिली ती अशीच."

"चूक माझीच," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी पूर्वी फक्त त्या मेमोत लिहिले होते.

मुलगी बराच वेळ एकेक फोटो पुढे सारत राहिली आणि एका फोटोशी थांबली. बाकावर ताठ बसलेले भांडारपाल, आणि उरलेला अर्धा फोटो व्यापून अंगठा. नखावर काळी रेघ. कपाटाच्या दारात चेमटून पडलेली. (ते दार भांडारपाल अकरा वर्षे उद्या दुरुस्त करणार होते.)

"हाच लावू," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "ह्याच्यात आई आहे की."

भांडारपालांनी तो फ्रेमवाल्याकडे दिला. गुरुवारी आणायला गेले, तेव्हा फ्रेमवाला खुशीत होता.

"साहेब, कुणाचं तरी बोट आलं होतं. सफाईनं कापून टाकलं. आणि एकाच्या पैशात दोन प्रती दिल्यात बघा!"

काउंटरवर दोन भांडारपाल ताठ बसले होते.

"बोट परत लावा," भांडारपाल म्हणाले. आवाज त्यांना वाटला तितका ताठ निघाला नाही.

"अहो, लोक माझ्याकडे डाग काढायला येतात!"

"तो डाग नाही. ती माझी पत्नी आहे."

फ्रेमवाल्याने एकवार त्यांच्याकडे पाहिले आणि कात्री बाजूला ठेवली. मूळ फोटो त्याच्या संगणकात होता. "लावतो, साहेब. किती प्रती काढू?"

भांडारपालांनी जन्मात प्रथमच नियम मोडला. "तीन."

"आणि या तुमच्या एकट्याच्या दोन?"

"पहिली ठेवावी. दुसरी फाडावी."

फ्रेमवाल्याने दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या आणि अदबीने विचारले, "यातली पहिली कुठली, साहेब?"